वारा आपल्या हाती नाही, पंप आहे



मिस्सात एकमेकांना शांती द्यायची वेळ येते, तेव्हा आपण शेजाऱ्याकडे वळून हात जोडतो. गेल्या वर्षी एका रविवारी माझे हात जोडले गेले, पण मान वर झाली नाही. समोर आमच्या बांधाशेजारची आक्का उभी होती.

त्याच्या आधी मी उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारले होते. ते रुंद पानांच्या तणांवर चालते, उसाला सहसा काही होत नाही. पण टोमॅटो, मिरची, द्राक्ष, कापूस यांचीही पाने रुंदच! दुपारी वारा सुटला होता. दोन पंप राहिले होते, तेवढे मी उरकून टाकले. आठ दिवसांत आक्काच्या टोमॅटोचे शेंडे पिळवटले, पाने अरुंद होऊन वळली. ती भांडली नाही. "वाऱ्यानं झालं असंल," एवढंच म्हणाली.

मी प्रायश्चित्त संस्काराला गेलो. फादरांनी एकच विचारले, "आक्काकडे जाऊन आलास का?"

निर्गमाच्या 22 व्या अध्यायात एक नियम आहे. आग भडकून काटेरी झुडपांना लागली आणि शेजाऱ्याचे पीक किंवा रचलेले धान्य जळाले, तर आग पेटवणाऱ्याने भरपाई द्यायची. आगही वाऱ्यानेच पसरते; तरी शास्त्र वाऱ्याला दोषी धरत नाही. मी आक्काला पैसे दिले. ते न्यायला मला दोन महिने लागले, याची लाज अजून वाटते.

म्हणून आज स्पष्ट लिहितो. फवारणीचे औषध आपला बांध ओलांडते, तेव्हा तो केवळ शेतीचा प्रश्न राहत नाही, शेजारधर्माचा होतो. ते पिकावरच पडते असेही नाही. बांधावर खेळणारी मुले, भांगलणाऱ्या बाया, विहिरीचे पाणी, मधमाश्या, सगळे त्या वाऱ्यात असतात. आणि पहिला घास फवारणाऱ्याचाच. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, हे आपण विसरू नये.

कोळप्याचे मात्र तसे नाही. कोळपे शेजाऱ्याच्या शेतात उडून जात नाही! उसाच्या लागणीत सुरुवातीला सायकल कोळपे किंवा छोटा पॉवर वीडर सरीतून सहज फिरतो. खोडव्यात पाचट न जाळता सरीत पसरले, तर तण दबते आणि ओलही टिकते. भाजीपाल्यात पिवळे चिकट सापळे आणि कामगंध सापळे लावले, तर कीड किती आहे ते कळते आणि उगाचची फवारणी टळते.

"भांगलायला माणसं मिळत नाहीत," असे तुम्ही म्हणाल. खरे आहे, मलाही मिळत नाहीत. लहान शेतकऱ्याला एकट्याने यंत्र घेणे जड जाते, हेही खरे. म्हणूनच माझे मत आहे की आपल्या धर्मग्रामाने दोन सायकल कोळपी आणि एक पॉवर वीडर सामाईक घ्यावा आणि पाळीपाळीने वापरावा. सणाच्या मंडपावर आपण जो खर्च करतो, त्यातला थोडा इकडे वळवला तर संत रागावणार नाहीत.

आणि फवारावेच लागले, तर थेंब जितका बारीक तितका तो दूर जातो, हे लक्षात ठेवा. तणनाशकाला जाड थेंबाचा नोझल वापरा, दाब कमी ठेवा, नोझल जमिनीजवळ धरा आणि त्यावर हूड लावा. वारा शेजाऱ्याकडे वाहत असेल तर पंप खाली ठेवा. शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगा.

पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामाईक घर म्हटले. घर सामाईक असेल, तर त्यातला वाराही सामाईकच.

यंदा मी त्या सरीत कोळपे घातले. दोन दिवस जास्त लागले, पाठही दुखली. पण रविवारी शांती देताना मी आक्काकडे मान वर करून पाहू शकलो.

हे प्रभो, आमच्या हातून शेजाऱ्याचे नुकसान होऊ देऊ नकोस. झाले तर ते कबूल करण्याचे आणि भरून देण्याचे धैर्य दे. आमेन.