‘नका द्या’ नव्हे, ‘देऊ नका’

जोगेश्वरीच्या एका वाचक भगिनी लिहितात: घरात उर्दू. शाळेत मुलगा ‘मला नको मार’, ‘बाई, नका जा’ असे बोलतो. वर्ग हसतो, आणि आता तो मराठीत तोंडच उघडत नाही. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, म्हणजे गप्प बसून भागणार नाही.

त्याला आधी सांगा, की तू काही अडाणी नाहीस. उर्दूत आज्ञेच्या आधी ‘मत’ लावले की काम झाले: ‘दो’, ‘मत दो’. हाच साचा तो मराठीवर बसवतो. दखनीने तर आपलाच ‘नको’ उचलून ‘नक्को’ केला. हैदराबादेत ‘नक्को जाओ’ म्हटले तर कोण हसते?

मराठीत मात्र क्रियापदाला ‘ऊ’ लागतो आणि माणूस पाहून ‘नको’ बदलतो. कर, करू नकोस. जा, जाऊ नकोस. मोठ्यांना किंवा अनेकांना ‘नका’. ‘नको जाऊस’, ‘नका जाऊ’ असा क्रम उलटलेला चालतो. ‘ऊ’ सोडलेला चालत नाही. स्पॅनिशची तऱ्हा वेगळी. तिथे ‘दुएर्मे’ म्हणजे झोप आणि ‘नो दुएर्मास’ म्हणजे झोपू नकोस. ‘नो’ जागचा हलत नाही, क्रियापदाचे शेपूट बदलते.

खरी अडचण आदराने बोलताना येते. ‘दे’चे ‘द्या’ होते, ‘घे’चे ‘घ्या’, ‘पी’चे ‘प्या’, ‘ये’चे नुसते ‘या’. मुलाच्या कानावर हीच रूपे पडतात, म्हणून तो अदबीने ‘नका द्या’ म्हणतो. नकार देताना ‘द्या’ विसरून मूळ ‘दे’कडे परत जायचे: देऊ नका, घेऊ नका, पिऊ नका, येऊ नका. ‘लिहा’चे ‘लिहू नका’.

तक्ते पाठ करून घेऊ नका. ‘दादी, उपाशीपोटी गोळी घेऊ नका’, ‘मुन्ना, इतके थंड पाणी पिऊ नकोस’ अशी दोन-चार वाक्ये रोज घरात मराठीतून होऊ द्या. चुकला तर बरोबर वाक्य आपण म्हणावे आणि पुढे जावे. घरातही हसलो तर तो कुठे बोलणार?

बाजारात जाताना त्याला पाट्या वाचायला लावा. ‘येथे थुंकू नये’ दिसले की विचारा: हेच चाचांना कसे सांगशील? आणि धाकट्या भावाला?