दुसऱ्या चुलीचा न्याय

'चूल वेगळी झाली' असे मराठी माणूस म्हणतो, तेव्हा एका घराची दोन घरे झाली हे सांगावे लागत नाही. अमेरिकेतील नगररचनेचे नियमही चूल मोजूनच कुटुंब मोजतात. न्यू जर्सी राज्यात मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तेथे केवळ 'एक-कुटुंब' घरांसाठी राखलेल्या विभागात मुलाने आईवडिलांना आपल्याजवळ आणले, तर कोणी हरकत घेत नाही. परंतु तळमजल्यावर स्वतंत्र स्वयंपाकघर व स्वतंत्र दार करून तेथे दुसरे बिऱ्हाड थाटावयाचे म्हटले, की घर 'दोन कुटुंबांचे' ठरते. भिंती त्याच, छप्पर तेच. अपराध काय तो दुसऱ्या चुलीचा!

अशा मालकाला गावच्या विभाग-नियमन मंडळापुढे अपवादाची याचना करावी लागते. 200 फुटांच्या आतील प्रत्येक मालमत्ताधारकास त्याने स्वतः नोटीस द्यावयाची, वृत्तपत्रात जाहिरात द्यावयाची आणि जाहीर सुनावणीत उभे राहावयाचे. बहुधा वकील व नगररचनातज्ज्ञ यांची फीही भरावयाची. आपली वैयक्तिक अडचण सांगून भागत नाही. जमिनीच्या अशा वापरासाठी 'विशेष कारणे' आहेत हे सिद्ध करावे लागते. मंडळाच्या सात सभासदांपैकी पाच जणांची अनुकूल मते पडली तरच परवानगी. साधे बहुमतही येथे अपुरे! आणि नोटीस जाते ती मालकांना. शेजारच्या भाडेकरूला ती देण्याचे बंधन नाही. ज्याला त्या खोल्या हव्या आहेत, त्याची तर गणतीच नाही.

हा पक्षपात योगायोगाने घडलेला नाही. वर्णानुसार वस्त्या विभागणारे वटहुकूम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1917 साली अवैध ठरविले. 1926 साली ओहायोतील युक्लिड गावाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने घरांच्या प्रकारानुसार विभाग पाडण्यास मात्र मान्यता दिली. त्या निकालपत्रात बहुकुटुंबी इमारतीला बंगल्यांच्या वस्तीवरील बांडगुळाची उपमा दिलेली आहे. खालच्या न्यायालयातील न्यायाधीशाने 1924 सालीच बजावले होते की, अशा नियमाने लोकांची त्यांच्या उत्पन्नाप्रमाणे वर्गवारी होईल. झाले तसेच. कातडीचा रंग विचारण्याची सोय उरली नाही, तेव्हा भूखंडाचे क्षेत्रफळ व चुलींची संख्या विचारण्यात येऊ लागली. उत्तर पुष्कळदा तेच येई.

न्यू जर्सीतील माउंट लॉरेल गावाचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी स्वस्त भाड्याची 36 घरे बांधण्याची अनुमती मागितली. गावाने ती नाकारली. एथेल लॉरेन्स या शिक्षिका व त्यांचे सहकारी न्यायालयात गेले. 1975 व पुन्हा 1983 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, अल्प व मध्यम उत्पन्नाच्या लोकांसाठी आपल्या वाट्याची घरे होऊ देणे हे प्रत्येक गावाचे घटनात्मक कर्तव्य आहे. तरीही पहिली घरे उभी राहण्यास 2000 साल उजाडले. ती पाहण्यास एथेल लॉरेन्स हयात नव्हत्या. 1994 सालीच त्यांचे निधन झाले होते.

गर्दी होईल, शाळांवर भार पडेल, गुन्हे वाढतील, घरांच्या किमती उतरतील, हे आक्षेप अशा प्रत्येक सुनावणीत ऐकू येतात. रस्ते, मलनिस्सारण, पाणी यांचा हिशेब मागणे रास्तच आहे; नियोजनाचे ते कामच आहे. परंतु माउंट लॉरेलच्या घरांचा अभ्यास समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा निष्कर्ष असा की, त्या घरांमुळे परिसरात ना गुन्हे वाढले, ना किमती घसरल्या, ना करांचा बोजा वाढला. तीस वर्षे ज्या भीतीने माणसांना दाराबाहेर ठेवले, ती भीतीच निराधार होती.

मग नियोजनच मोडीत काढावे काय? बिल्डरांना तेच हवे आहे. ऑरेगन राज्याने 2019 साली कायदा करून 10,000 हून अधिक वस्तीच्या शहरांत, जेथे एक-कुटुंब घर चालते तेथे दोन कुटुंबांचे घरही चालेल असे ठरविले. हे पाऊल योग्यच आहे, कारण याचनेच्या जागी त्यामुळे हक्क येतो. परंतु नुसती बंदी उठली, तर जुनी घरे विकत घेऊन दुप्पट भाडे उकळणाऱ्यांचेही फावेल. म्हणून माउंट लॉरेलच्या निर्णयातील दुसरे तत्त्व सोडता येणार नाही: परवानगीबरोबरच गरिबांच्या वाट्याची घरेही कायद्यानेच राखली गेली पाहिजेत.

मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत आडनाव आणि आहार विचारून घर नाकारले जाते, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही कहाणी परकी वाटू नये. घराला पाणी किती लागेल हे नियोजनाने अवश्य विचारावे. त्या घरात कोणी राहावे हे ठरविण्याचा अधिकार मात्र आधीपासून घर असलेल्यांच्या हाती असता कामा नये.