अगं, कॅश उडव!

महिन्याची २८ तारीख म्हणजे काय, हे पगारदार मंडळींना नाही कळायचं! त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत क्लायंटच्या पोर्टलवर बिल चढलं तर पैसे पुढच्या महिन्यात, नाहीतर त्याच्याही पुढच्या. घरभाडं मात्र पाच तारखेला म्हणजे पाच तारखेलाच.

तर साडेचारला पोर्टल उघडलं. पान अर्धवट, आणि ‘सबमिट’चं बटणच गायब! रिफ्रेश करून झालं, राउटर बंद-चालू करून झाला. शेवटी आयटीतल्या रूममेटला फोन लावला. ती मीटिंगमध्ये. कुजबुजली, ‘‘अगं, कॅश उडव.’’ कॅश? अगं बाई, कॅशसाठीच तर चाललंय सगळं!

मग कळलं, ही ब्राउझरची कॅश. कंट्रोल, शिफ्ट, डिलीट एकदम दाबलं. समोर टिक करायच्या चौकटींची रांग. मला दिवाळीत माळा साफ करतानाचा जोश आला. ‘ऑल टाइम’ निवडलं, दिसेल त्या चौकटीवर टिक केलं आणि... क्लिअर!

पान लख्ख उघडलं. पण आता लॉग-इन करा म्हणालं. पासवर्ड? तो ब्राउझरला पाठ होता, मला कुठे! ‘फरगॉट पासवर्ड’ दाबलं, तर लिंक गेली कामाच्या मेलवर. तिथूनही मी लॉग-आउट. फोनवर हा मेल मी मुद्दामच घेतलेला नाही (वर्क-लाइफ बॅलन्स, यू नो!). मेलने कोड पाठवला तो माझ्या जुन्या नंबरवर. ते सिम बंद होऊन दोन वर्षं झाली.

सहा वाजले. बिल राहिलं. मेल तिसऱ्या दिवशी परत मिळाला आणि भाडं रूममेटने भरलं.

त्या रात्री मॅगी खाता खाता तिने शिकवणी घेतली. कॅश म्हणजे आपण बघितलेल्या साइट्सचे फोटो, लोगो, कोड यांच्या कॉपीज. पुढच्या वेळी पान पटकन उघडावं म्हणून ब्राउझर त्या साठवतो. साइट बदलते, जुनी कॉपी तशीच राहते आणि मग बटणं गायब होतात. ही उडवली तर नुकसान काही नाही, पहिल्यांदा पानं जरा हळू उघडतात इतकंच.

कुकीज वेगळ्या. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुलीने त्या काढल्या, साइटला तुमची ओळख राहावी म्हणून. त्या गेल्या की तुम्ही सगळीकडून लॉग-आउट. आणि सेव्ह केलेले पासवर्ड? ‘‘ते कचरा नव्हतेच गं,’’ ती म्हणाली. ‘‘माळा साफ करताना तू घराच्या किल्ल्या भंगारवाल्याला दिल्यास!’’

तेव्हा मंडळी, पान रुसलं तर आधी कंट्रोल आणि एफ-५ दाबा. ते पान नव्याने मागवलं जातं. नाही जमलं तर इन्कॉग्निटोमध्ये उघडून बघा. तिथे नीट चाललं, तर दोष बहुधा जुन्या साठ्याचा. मग फक्त ‘कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स’वर टिक. बाकी चौकटींना हात लावायचा नाही!

ऑफिसचा लॅपटॉप परत करताना मात्र उलटं. आधी सगळीकडून लॉग-आउट, मग कुकीज आणि पासवर्डसकट सगळं साफ. अर्थात हिस्टरी पुसली म्हणजे ऑफिसला काही कळणार नाही, या भ्रमात राहू नका. तुम्ही कुठल्या साइटवर होतात, याची नोंद ऑफिसच्या नेटवर्कवर राहू शकते.

आणि हो, आज घरी गेल्यावर एकच करा. मेलच्या रिकव्हरीत कुठला नंबर आहे, तो बघा. मी बदललाय. रूममेटचे पैसे तेवढे अजून द्यायचेत!