चार आण्याची कोंबडी

दोन वर्षांपूर्वीच्या पाडव्याला माझा भाचा पेढे घेऊन आला. दारात एक काळीभोर, लांबलचक परदेशी बनावटीची मोटार उभी होती. "मामा, ओळखा बरं, कितीला पडली असेल?" नवी असताना पन्नास लाखांची ती गाडी दहा वर्षांनी त्याला अकरा लाखांत मिळाली होती. सहा लाखांचे कर्ज आणि पाच लाख ताईची मुदत ठेव मोडून. मी बँकेत हयात घालवलेला माणूस, पेढा घशातच अडकला. पण सणाच्या दिवशी पोराचा हिरमोड कशाला, म्हणून गप्प बसलो.

आज ती गाडी गॅरेजमध्ये उभी आहे. गिअरबॉक्स गेला आहे, दुरुस्तीचा अंदाज साडेतीन लाखांचा. गाडी बंद असली तरी कर्जाचे हप्ते चालू आहेत.

ही गोष्ट केवळ आमच्या घरची नाही. एकेकाळी उद्योगपतींच्या बंगल्यांत शोभणाऱ्या गाड्या आज दुसऱ्या-तिसऱ्या हाती, नव्या छोट्या मोटारीच्या किमतीत मिळतात. त्यात दिल्लीची भर पडली. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना हरित लवादाने तिथे २०१५ मध्ये बंदी केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २०२५ मध्ये काहीशी सवलत मिळाली. पण तोवर तिथल्या कितीतरी गाड्या इतर राज्यांच्या रस्त्यांवर आल्या होत्या.

पन्नास लाखांची वस्तू अकरा लाखांत कशी मिळते? यात जादू काही नाही. आयकराच्या हिशेबात मोटारीला सर्वसाधारणपणे दरसाल १५ टक्के घसारा धरतात. त्या हिशेबाने ५० लाखांची गाडी दहा वर्षांनी दहा लाखांच्या आत येते. भाच्याला घबाड वाटले, तो निव्वळ घसारा होता. मात्र घसारा गाडीला असतो, तिच्या सुट्या भागांना नसतो. गाडी अकरा लाखांची झाली तरी तिचा गिअरबॉक्स पन्नास लाखांच्या गाडीचाच राहतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हा.

या गाड्या वाईट असतात असे मुळीच नाही. १९९५ पासून पुण्याजवळ टेल्कोच्या आवारात जुळवलेल्या मर्सिडीज मजबुतीसाठी नावाजल्या गेल्या. पण पुढच्या पिढ्यांत यंत्रापेक्षा इलेक्ट्रॉनिक्स वाढत गेले. मर्सिडीजनेच आणलेल्या विजेवर चालणाऱ्या ब्रेक यंत्रणेपायी २००४ मध्ये जगभरातून सुमारे ६ लाख ८० हजार गाड्या तपासणीसाठी परत बोलवाव्या लागल्या. बीएमडब्ल्यूच्या २००७ नंतरच्या एका डिझेल इंजिनाची टायमिंग चेन झिजण्याबद्दल बदनाम झाली. ती बसवली होती इंजिनाच्या मागच्या अंगाला. त्यामुळे साखळी बदलायची तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. मजुरीचा आकडा यातूनच फुगतो.

उरलेली दुखणी बहुतेक सगळ्या कंपन्यांना सारखीच. हवेवर तोललेल्या सस्पेन्शनचे रबर वयाने तडकते, हवा झिरपते आणि ती भरता भरता कॉम्प्रेसर जळतो. गिअरबॉक्सचे तेल 'आयुष्यभर बदलावे लागत नाही' असे गाडीवाले सांगतात. ते लाखभर किलोमीटरच्या आसपास बदललेले बरे, हे जाणकार मेकॅनिक सांगतात. पहिल्या मालकाला त्याची फिकीर नसते, कारण तो गाडी तोवर विकून मोकळा होतो. कित्येक गाड्यांत स्टेपनीच नसते. पंक्चर झाल्यावरही काही अंतर धावणारे महागडे टायर असतात आणि आपल्या खड्ड्यांत ते फुटतात.

मग घ्यायचीच असेल तर काय पाहावे? आधी कागद. सर्व्हिसची सलग नोंद नसेल तर पुढे बोलूच नये. आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे का, तो उतरल्याचे पत्र आहे का, हे बघावे. गाडी परराज्यातली असेल तर ना-हरकत दाखला आणि इथला कर हिशेबात धरावा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. टोकाला गाळाचे डाग दिसले तर गाडी पुरातली समजावी. २००५ ची मुंबई आणि २०१५ ची चेन्नई, दोन्ही पुरांत हजारो गाड्या बुडाल्या, आणि बुडालेली प्रत्येक गाडी काही भंगारात जात नाही.

शेवटी माझा बँकेतला साधा नियम. किमतीच्या निदान एक तृतीयांश रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी शिल्लक असेल, तरच व्यवहार करावा. कर्ज काढून किंवा म्हातारपणाची पुंजी मोडून तर मुळीच नाही.

पाडव्याला हे मी बोलायला हवे होते. ताई भाच्याला अजून एका शब्दाने बोललेली नाही. परवा सहज म्हणून तिने मला विचारले, "दादा, ती ठेव मोडली नसती, तर या वर्षी किती झाली असती रे?"

आकडा मला तोंडपाठ होता. सांगवला नाही.