विहिरीचे पाणी आणि उसाचे चिपाड

पाणी नितळ दिसले म्हणजे ते निर्मळ असते, असे मानण्याचे दिवस केव्हाच सरले. ऑगस्ट २००३ मध्ये दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ या संस्थेने शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश आढळल्याचे जाहीर केले आणि देशभर खळबळ उडाली. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त संसदीय समितीने फेब्रुवारी २००४ मध्ये ते निष्कर्ष ग्राह्य ठरविले. बाटलीबंद पाण्याला कडक मर्यादा लागू झाली : सर्व कीटकनाशके मिळून लिटरमागे अर्धा मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा वीस लाखावा भाग. शहरी ग्राहकाची चिंता काहीशी मिटली. परंतु जिच्या भोवतालच्या शेतांत वर्षानुवर्षे फवारणी होते, त्या विहिरीचे काय?

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने गावोगावी पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याचे ठरविले, हे स्वागतार्हच आहे. मात्र त्यांच्या हाती येणाऱ्या संचातून फ्लोराइड, नायट्रेट, लोह कळते. कीटकनाशक कळत नाही. इतका सूक्ष्म अंश महागड्या यंत्रालाही थेट सापडणे अवघड असते. त्यासाठी लिटरभर पाणी एका शोषक पदार्थाच्या नळीतून गाळावे लागते. नळीत अडकलेले विष मिलिलिटरभर द्रावकात उतरविले की त्याची तीव्रता हजारपट होते आणि मग यंत्र ते ओळखते. या नळ्या बहुधा एकदा वापरून टाकायच्या असतात. प्रत्येक नमुन्यामागे तो खर्च नव्याने पडतो.

हा शोषक पदार्थ शेतातल्या टाकाऊ वस्तूंपासून तयार होऊ शकतो, हे संशोधकांनी दाखवून दिले आहे. उसाचे चिपाड किंवा नारळाची करवंटी हवा रोखून तापविली की सच्छिद्र कोळसा मिळतो आणि सेंद्रिय रेणू त्याला चिकटून राहतात. भाताच्या तुसाच्या राखेत सुमारे ९० टक्के सिलिका असते. तिच्यापासूनही असा शोषक बनविता येतो. पाणी गावातच गाळून घेतले, तर प्रयोगशाळेकडे कॅन वाहून न्यावे लागणार नाहीत. बोटाएवढी नळी पाठविली की पुरे.

मात्र ‘टाकाऊतून टिकाऊ’ या घोषणेवर भाळून चालणार नाही. भट्टीचे तापमान बदलले की कोळशाचा गुण बदलतो. शिवाय तापताना कोळशातच घातक हायड्रोकार्बन निर्माण होऊ शकतात. मग परीक्षकच आरोपी ठरायचा! म्हणून प्रत्येक घाणा आधी शुद्ध पाण्यावर तपासला पाहिजे. ज्ञात मात्रेचे कीटकनाशक पाण्यात मिसळून त्यातले किती परत हाती येते, हेही मोजले पाहिजे. स्वस्त आहे म्हणून कसोटीत सवलत मिळता कामा नये.

हे काम कृषी विद्यापीठांनी आणि जिल्ह्याजिल्ह्यातील विज्ञान महाविद्यालयांनी अंगावर घ्यावे. प्रबंध कपाटात ठेवून विहिरीचे पाणी कळणार नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा ते विष सर्वांना दिसले. पाण्यातून थेंबाथेंबाने पोटात जाणारे विष दिसत नाही. ते दाखविणारी नळी गावाला परवडली पाहिजे. चिपाडाचे खरे मोल तेथे ठरेल.