कॅमेरा दुबईचा, धडा असीरगडचा

आखातातून वा बोटीवरून घरी परतणाऱ्या माणसाकडे गोव्यात एके काळी घड्याळ, ट्रान्झिस्टर आणि अत्तराची बाटली यांची मागणी होत असे. आज ती जागा कॅमेऱ्याने घेतली आहे. लग्ने, मुंजी, जत्रा आणि शिगमोत्सव यांची छायाचित्रे काढून संसार चालविणारा डिचोलीचा वा काणकोणचा तरुण दुबईतील मावसभावाला फोन करतो. जपानच्या सहलीला निघालेल्या शेजाऱ्याच्या हाती लेन्सची यादी देतो. ‘तिकडे स्वस्त पडते’ एवढेच त्यामागचे साधे तर्कशास्त्र. त्यात गैर असे काहीच नाही. कष्टाचा पैसा चार ठिकाणी चौकशी करूनच खर्च करावा, हे शहाणपणाचे लक्षण आहे. प्रश्न एवढाच की, चौकशी किमतीपाशीच का थांबावी? परदेशी केलेली ही बचत घरी पोहोचेपर्यंत किती उरते आणि घरी पोहोचल्यावर किती दिवस टिकते, याचा हिशेब आपण मांडतो काय?

प्रथम आकड्यांकडे पाहू. भारतात डिजिटल कॅमेऱ्यावरील वस्तू व सेवा कर पूर्वी २८ टक्के होता. १ जानेवारी २०१९ पासून तो १८ टक्क्यांवर आला. संयुक्त अरब अमिरातीने २०१८ मध्ये मूल्यवर्धित कर लागू केला तो अवघा ५ टक्के, आणि परत जाणाऱ्या पर्यटकाला त्याचाही बराचसा भाग मिळू शकतो. जपाननेही आपला १० टक्के उपभोग कर परदेशी पाहुण्यांना माफ करण्याची सोय ठेवली. तेव्हा किमतीतील तफावतीचा मोठा भाग हा तिकडच्या दुकानदाराचे औदार्य नसून कराचा फरक आहे, हे ध्यानी ठेवलेले बरे. कारण कर एका दारातून बाहेर गेला तरी दुसऱ्या दारातून आत येतोच.

समजा, येथे करासह १,१८,००० रुपयांना मिळणारा कॅमेरा दुबईत ९५,००० रुपयांना पडला. पहिल्या नजरेला २३,००० रुपयांचा लाभ दिसतो. परंतु २०१६ च्या बॅगेज नियमांनी प्रौढ भारतीय प्रवाशाला जकातमुक्त सामानाची मर्यादा दिली ती ५०,००० रुपयांची. वरच्या ४५,००० वर २०१८ नंतरच्या दराने अधिभारासह साडेअडतीस टक्के जकात धरली तर ती १७,३२५ रुपये होते. बचत उरली ५,६७५ रुपये. मर्यादा आणि दर अर्थसंकल्पागणिक बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या दिवशीचा नियम पाहणे इष्ट. येथे आम्ही दाखवीत आहोत ती केवळ हिशेबाची रीत. पती-पत्नींच्या सवलती एकत्र करून एका वस्तूवर लावता येत नाहीत, हेही पुष्कळांना विमानतळावर पोहोचल्यावरच कळते.

हिशेब येथेही संपत नाही. जो छायाचित्रकार कराखाली नोंदलेला आहे, त्याला आपल्या गावी भरलेल्या १८ टक्क्यांची वजावट पुढे आपल्या कामावरील करातून मिळू शकते. परदेशातील दुकानाची पावती त्या कामी निरुपयोगी. शिवाय हमीपत्र. अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांची हमी ज्या देशात विक्री झाली त्या देशापुरतीच असते. तुळशीचे लग्न लागून लग्नसराई सुरू व्हावी, तिथीमागून तिथी बांधलेली असावी आणि नेमका तेव्हाच कॅमेऱ्याचा पडदा अडकावा. अशा वेळी हमीचा तो कागद दुबईतच चालतो हे समजले की वाचवलेल्या रुपयांचा आनंद कोठे राहतो? चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण आपल्या पूर्वजांनी कॅमेरा पाहण्यापूर्वीच करून ठेवली आहे.

यावर काहींनी काढलेली तोड सर्वांना ठाऊक आहे. खोके तिकडेच टाकायचे, पट्टा गळ्यात अडकवायचा आणि वस्तू वापरातली आहे असे भासवून बाहेर पडायचे. कोणी याला चातुर्य म्हणतात. आम्ही तसे म्हणणार नाही. करचुकवेगिरीला कलेच्या नावाची झूल पांघरली म्हणून ती कला होत नाही. त्यातही दुःखाची बाब ही की, पकडला जातो तो बहुधा मागणी करणारा नव्हे, तर भिडेखातर दुसऱ्याची वस्तू वाहून आणणारा नातलग. वर्षभर राबून पंधरा दिवसांच्या रजेवर येणाऱ्या माणसाला असल्या संकटात लोटण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? उलट, येथून कॅमेरा घेऊन परदेशी जाणाऱ्याने निघतानाच जकात अधिकाऱ्याकडून त्याची नोंद करून दाखला घ्यावा, म्हणजे परतताना स्वतःच्याच वस्तूवर वाद होत नाही. ही साधी सोय कितीजण वापरतात?

मात्र दोष केवळ ग्राहकाच्या माथी मारून मोकळे होणे न्यायाचे नाही. १९९८ च्या बॅगेज नियमांत परदेशी राबून परतणाऱ्या कारागिरासाठी एक सवलत होती. सुतार, गवंडी, वेल्डर यांना आपल्या धंद्याची हत्यारे काही मर्यादेत आणता येत. कॅमेरा मात्र सामान्य वापराची वस्तू म्हणून त्या सवलतीतून नावानिशी वगळलेला होता. सुताराचा रंधा हे हत्यार आणि छायाचित्रकाराचा कॅमेरा ही चैन, असा हा विवेक. आज प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये कॅमेरा असताना हौस आणि व्यवसाय यांतील भेद अधिकच स्पष्ट झाला आहे. ज्या वस्तूवर माणसाची चूल पेटते ती चैन नव्हे, हे नियम करणाऱ्यांनी मान्य करावे, अशी आमची मागणी आहे.

तथापि या विषयाचा गाभा जकातीच्या टेबलावर नाही. बाहेरून वस्तू आणताना आपण काय आणतो आणि काय मागे ठेवून येतो, हा खरा प्रश्न आहे. आणि तो आपल्याकडे आज प्रथमच उपस्थित होतो आहे असे नाही. सव्वाचारशे वर्षांपूर्वी तो असीरगडाच्या पायथ्याशी एका बादशहापुढे उभा राहिला होता, आणि त्याची दोरी थेट गोव्यापर्यंत पोहोचलेली होती.

बऱ्हाणपुराच्या उत्तरेस, सातपुड्याच्या रांगेत, नर्मदा आणि तापी यांच्या खोऱ्यांमधील वाटेवर नजर ठेवून असीरगड उभा आहे. दक्षिणेची किल्ली म्हणून त्याची ख्याती. गडावरील शिवालयात अश्वत्थामा आजही पूजेला येतो, अशी लोकांची श्रद्धा आहे. १७६० मध्ये उदगीरच्या विजयानंतर तो मराठ्यांकडे आला, म्हणून आपणा मराठी माणसांस तो परका नाही. १६०० साली अकबराने बऱ्हाणपूर सहज घेतले. पण खानदेशचा फारूकी सुलतान बहादूर असीरगडावर जाऊन बसला आणि बादशाही फौजेची गती तेथे खुंटली. असा गड फोडण्याजोग्या जड तोफा बादशहाजवळ पुरेशा नव्हत्या. जेझुइटांच्या वृत्तांतानुसार गडावरील शिबंदीत मात्र काही पोर्तुगीज होते.

तेव्हा अकबराने जे केले ते आजच्या आपल्या तरुणाहून निराळे नव्हते. स्वतःजवळ नसलेले यंत्र बाहेरून आणावयाचे त्याने ठरविले. त्याच्या छावणीत जेरोम झेवियर हे पाद्री होते. ज्यांचे शव जुन्या गोव्यात आहे त्या फ्रान्सिस झेवियर यांच्याच घराण्यातले. चौलच्या पोर्तुगीजांना पत्र लिहून तोफा व दारूगोळा मागवावा, असे बादशहाने त्यांना सांगितले. झेवियर यांनी साफ नकार दिला. आपल्या धर्मात हे बसत नाही, असे त्यांनी कारण दिले. पण पोर्तुगीजांचा खानदेशच्या सुलतानाशी तह होता, ही गोष्टही त्या नकारामागे होतीच. बादशहा संतापला. परंतु संतापाने तोफ ओतली जात नाही. अखेर जानेवारी १६०१ मध्ये गड पडला तो कसा, याविषयी वृत्तांत जुळत नाहीत. जेझुइट सांगतात की बादशहाने गडावरील सरदारांत सोने-रुपे पेरले. अबुल फज्ल गडावरच्या रोगराईकडे बोट दाखवतो. तोफांनी गड फुटला असे मात्र कोणी म्हणत नाही.

जगातील बलाढ्य बादशहांपैकी एक, खजिना भरलेला, आणि तरीही चौलच्या बंदरातून हवी ती वस्तू विकत घेता येऊ नये! कारण वस्तू दुसऱ्याची असली की किंमत ठरविण्याचा हक्क जसा त्याचा, तसाच विकावी की न विकावी हे ठरविण्याचा हक्कही त्याचाच राहतो.

याच अकबराला दुसरी वाट ठाऊक नव्हती असे मात्र नाही. १५७५ मध्ये त्याने हाजी हबीबुल्ला याला गोव्याला धाडले, तेव्हा बरोबर द्रव्य तर दिलेच, पण कुशल कारागीरही दिले. वस्तू विकत आणाव्यात आणि त्या करण्याची विद्या कारागिरांनी शिकून यावी, असा तो दुहेरी हेतू होता. मंडळी १५७७ मध्ये परतली ती अपूर्व वस्तू घेऊन आणि नवी कसबे शिकूनही. असीरगड पडल्यानंतर १६०१ मध्ये बऱ्हाणपुराहून पुन्हा वकील गोव्याला निघाला, तेव्हाच्या पत्रातही कुशल कारागिरांची मागणी होती. आमच्या मते असीरगडाचा धडा हाच आहे. वस्तू आणणारा एकदाच आणतो. विद्या आणणारा पिढ्यांसाठी आणतो.

मराठी माणसाने हा धडा कॅमेऱ्याच्याच बाबतीत गिरवून दाखविला आहे. फेब्रुवारी १९१२ मध्ये दादासाहेब फाळके विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी प्रथम त्यांना या नादापासून परावृत्तच करू पाहिले. पण माणूस हटत नाही हे पाहून मदतही केली. फाळक्यांनी ५० पौंडांना विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेतला. फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्रही घेतले. पण तेवढ्यावर ते परतले नाहीत. सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत जाऊन त्यांनी काम प्रत्यक्ष पाहिले आणि शिकून घेतले. मुंबईला आल्यावर घरातच काळोख्या खोलीत सरस्वतीबाईंनी फिल्मला छिद्रे पाडली आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. फाळक्यांची ती खरेदी ‘स्वस्त’ होती काय? घरदार पणाला लावून केलेल्या खरेदीला स्वस्त कोण म्हणेल! पण त्या ५० पौंडांत देशाला एक नवा उद्योग मिळाला.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर तर आणखी पुढे गेले. परदेशी कॅमेरा घेण्याची ऐपत नाही म्हणून ते रडत बसले नाहीत. आपले आप्त आनंदराव यांच्यासह त्यांनी स्वतःच कॅमेरा बनविण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ मध्ये निवर्तले. तरीही विष्णुपंत दामले या शिष्याच्या साहाय्याने १९१८ पर्यंत कोल्हापुरात कॅमेरा सिद्ध झाला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आला. हेच दामले पुढे ‘प्रभात’च्या संस्थापकांपैकी एक झाले, फत्तेलाल यांच्यासह त्यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘संत तुकाराम’चा १९३७ मध्ये व्हेनिसला गौरव झाला. यंत्राचे आतडे-कातडे ज्याला कळले, त्याच्या हातून कलाही कशी उंचावते याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागू नये.

आज कोणी घरी कॅमेरा बनवावा, असे आम्ही सुचवीत नाही. आजच्या कॅमेऱ्यातील संवेदक एखाद्या कारखानदाराच्याही आवाक्याबाहेरचा आहे. परंतु कॅमेरा उघडता येणे, साफ करता येणे, पडदा बदलता येणे, लेन्सवर चढलेली बुरशी काढता येणे, हे तरी आपल्या आवाक्यात आहे की नाही? गोव्याची दमट हवा लेन्सची वैरीण आहे. चार महिन्यांच्या पावसात काचेवर बुरशीचे जाळे धरते. असे असूनही मोठी दुरुस्ती निघाली की यंत्र बहुधा परगावी धाडावे लागते. २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरतो. दरवर्षी पणजी दिव्यांनी उजळते, पाहुणे येतात आणि जातात. इतक्या वर्षांच्या या सोहळ्यातून कॅमेरा दुरुस्त करणारे कसबी हात किती तयार झाले, हे सरकारने एकदा जनतेला सांगावे.

आमच्या सूचना साध्या आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत कॅमेरा व लेन्स दुरुस्तीचा अभ्यासक्रम सुरू करावा. छायाचित्रकारांनी सहकारी तत्त्वावर एकत्र येऊन महागडी, क्वचित लागणारी उपकरणे सामाईक घ्यावीत. वर्षातून चार वेळा लागणाऱ्या लेन्ससाठी प्रत्येकाने कर्ज काढण्याचे कारण नाही. सामुदायिक खरेदी केली तर येथील विक्रेत्याशीही भावाची गोष्ट बरोबरीच्या नात्याने करता येईल. कंपन्यांनी एका जगात एकच हमी द्यावी, असा आग्रह ग्राहक संघटनांनी धरावा. आणि ज्याला परदेशी खरेदी करायचीच आहे त्याने ती उजळ माथ्याने, जकात भरून, हमीपत्र वाचून आणि पावती जपून करावी.

आखातात आणि युरोपात असलेल्या आपल्या बांधवांनाही आमचे सांगणे आहे. घरच्या मुलासाठी कॅमेरा आणलात तर आनंदच आहे. पण त्याला तिकडे चार महिने एखाद्या दुरुस्तीच्या कार्यशाळेत, एखाद्या चित्रशाळेत शिकण्याची सोय करून दिलीत, तर ती भेट कोणत्याही जकातीच्या मर्यादेत बसते. विद्येवर अद्याप कोणत्याही विमानतळावर जकात लागलेली नाही.