मुरलेल्या वर्षांचा भाव

पुण्याला जाताना निपाणीला बस थांबली, की भाव हा शब्द मला हटकून आठवतो. तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली शेतकरी इथे महामार्गावर ठाण मांडून बसले. गोळीबारात माणसे गेली. वर्षभराच्या घामाचे दोन पैसे जास्त मागत होते, एवढेच!

आणि २०२३ साली लंडनच्या लिलावात १९२६ च्या मॅकॅलन व्हिस्कीची एक बाटली सुमारे २२ कोटींना गेली. साठ वर्षे पिंपात मुरलेली. तशा बाटल्या अवघ्या चाळीस. चवीसाठी कोण एवढे मोजील? बूच काढले की किंमत संपली. मला वाटते, श्रीमंताला गेलेला काळ तेवढा विकत मिळत नाही. म्हणून तो बाटलीतली साठ वर्षे घेतो. ती शेजाऱ्याकडे नाहीत, हे सुख वेगळेच. आमच्या गोव्याच्या उकाड्यात मात्र व्हिस्की पिंपातून भराभर उडते. साठ वर्षांनी बहुधा पिंप तेवढे उरेल.